बालकांतील जंतविकार : ओळख आणि उपचार यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

लहान मूल झोपेत दात खाऊ लागले, त्याच्या गालांवर पांढुरके चट्टे उमटले, ते वारंवार नाक चोळू लागले किंवा रात्री शौचाच्या जागी खाजवू लागले, की त्यास जंत झाले असावेत असा निष्कर्ष महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानपिढ्या काढला गेला आहे. या लक्षणांपैकी केवळ रात्रीची खाज आधुनिक वैद्यकास पुराव्यादाखल ग्राह्य वाटते. दात खाणे वा चेहऱ्यावरील चट्टे यांचा जंतांशी निश्चित संबंध सिद्ध झालेला नाही. तरीही ही लक्षणे लोकस्मृतीत टिकून राहिली, याचे कारण उघड आहे. पोटातील जंत बाहेरून दिसत नाही आणि लहान मुलास आपले दुखणे सांगता येत नाही. त्यामुळे मुलाच्या अंगावर जे दिसेल त्यावरून आत काय आहे याचा अंदाज बांधणे, एवढाच मार्ग दीर्घकाळ उपलब्ध होता.

वैद्यकाचा इतिहास लिहिताना औषधांच्या शोधाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे रोग ओळखण्याच्या रीतींना दिले जात नाही. जंतविकाराच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. औषध जितके विषारी, तितकी ओळख अचूक असणे आवश्यक ठरते. चुकीच्या ओळखीची किंमत मुलाला मोजावी लागते. याउलट औषध निर्धोक आणि स्वस्त झाले की ओळखीची गरजच उरत नाही, सर्वांना औषध द्यावे असा विचार पुढे येतो. प्रस्तुत लेखात हे परिवर्तन कसे घडले आणि त्यात कोणता प्रश्न मागे पडला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन ग्रंथ आणि घरगुती परंपरा :

अथर्ववेदाच्या दुसऱ्या आणि पाचव्या कांडांत कृमींच्या नाशासाठी सूक्ते आहेत. पाचव्या कांडातील तेविसावे सूक्त विशेष उल्लेखनीय होय, कारण त्यात कुमाराच्या, म्हणजे लहान मुलाच्या, शरीरातील कृमींचा नाश व्हावा अशी इंद्राला प्रार्थना आहे. बालकाचा जंतविकार हा स्वतंत्र चिंतेचा विषय असल्याचा हा भारतीय वाङ्मयातील एक अतिशय जुना निर्देश आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींची पद्धतशीर चर्चा येते. तेथे वीस प्रकारचे कृमी सांगितले असून त्यांची विभागणी बाह्यमल, रक्त, कफ आणि पुरीष या उत्पत्तिस्थानांनुसार केली आहे. कफज कृमींपैकी काही गांडुळासारखे गोल असतात, तर पुरीषज कृमींपैकी काही लोकरीच्या तंतूंसारखे पांढरे, लांब व बारीक असून ते गुदमुखाशी आले की टोचणी व खाज निर्माण करतात, असे वर्णन आढळते. पहिल्या वर्णनात आजचा गोलकृमी आणि दुसऱ्यात सुतासारखा बारीक जंत सहज ओळखता येतो. अर्थात वीस प्रकारांपैकी प्रत्येकाला आजचे शास्त्रीय नाव चिकटवण्याचा जो उत्साह काही लेखनांत दिसतो, तो सावधपणे घेणे इष्ट. चरकाची विभागणी दोषविचारावर उभी आहे, प्राण्याच्या शरीररचनेवर नव्हे. अंडे, अळी आणि माती ही साखळी त्या विचारविश्वात नाही.

असे असले तरी चरकाने सांगितलेली उपचाराची त्रिसूत्री लक्षणीय आहे. कृमी ओढून बाहेर काढणे म्हणजे अपकर्षण, त्यांना अनुकूल असलेली शरीरातील स्थिती नष्ट करणे म्हणजे प्रकृतिविघात आणि ज्या कारणांनी ते उत्पन्न होतात ती टाळणे म्हणजे निदानवर्जन. अपकर्षणाची रीतही मोठी रंजक आहे. आदल्या दिवशी रुग्णास दूध, गूळ, तीळ, मासे, पिष्टान्न असे कृमींना प्रिय पदार्थ खाऊ घालावेत, त्यामुळे कृमी कोठ्यात गोळा होतात, आणि मग बस्ती व विरेचन द्यावे. तांबड्या साळीच्या पिठात वनस्पतीचा रस कालवून निर्धूम निखाऱ्यांवर भाजलेल्या पुपळ्या विडंगाच्या तेलासह व मिठासह द्याव्यात, असाही विधी तेथे आहे. गूळ, दूध, पीठ यांची गणना कृमींच्या कारणांतही केलेली आहे. गोड खाल्ले की जंत होतात ही मराठी घरांतील समजूत कोठून आली असावी, याचा एक धागा येथे मिळतो. वस्तुतः गोड पदार्थाने जंत उत्पन्न होत नाहीत. ते येतात अंड्यांतून वा अळ्यांतून, आणि ती मूळ दुसऱ्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडलेली असतात.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय कृमींपुरता मर्यादित नाही. परंतु न बोलणाऱ्या बालकाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून व रडण्यावरून कसे ओळखावे याचा विचार तेथे केलेला आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया नकळत हीच रीत पाळत असत. उपचारही त्यांच्या हाताशी असे. वावडिंग, म्हणजेच ग्रंथांतील विडंग, पळसाचे बी, कपिला, डाळिंबाच्या मुळाची साल आणि शेवटी एरंडेल, ही सामग्री बहुतेक गावांत मिळत असे. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख राहिलेले विल्यम डायमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८९० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथात, पश्चिम भारतात लहान मुलांच्या दुधात वावडिंगाचे काही दाणे टाकण्याची चाल नोंदवली आहे. ही चाल वायूचा त्रास टाळण्यासाठी होती. जंत झाल्यावर द्यावयाचे औषध आणि रोजच्या दुधातील चार दाणे यांत अंतर होते, आणि ते घरोघरी ठाऊक होते. विषाची मात्रा सांभाळण्याचे हे भान पुढील काळात पेटंट औषधांच्या बाजारात फारसे दिसत नाही.

औषध की विष :

युरोपात मुलांचे जंत हा अठराव्या शतकात औषधविक्रेत्यांचा मोठा धंदा बनला होता. १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट मिळालेल्या चिंग यांच्या जंतनाशक वड्या गोड खाऊच्या रूपात विकल्या जात. त्यांत पाऱ्याचा क्षार असे. कॅलोमेल या नावाने ओळखले जाणारे पाऱ्याचे चूर्ण जंतांवर आणि दात येण्याच्या तक्रारींवर सर्रास दिले जाई. मूल किरकिर करते, झोपत नाही, पोट बिघडले आहे, एवढ्या लक्षणांवरून आई दुकानातून पुडी आणीत असे.

याचा परिणाम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट झाला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत लहान मुलांना एक विचित्र आजार होत असे. हातपाय गुलाबी पडून सुजत, कातडी सोलून निघे, मूल प्रकाश टाळी आणि अखंड कण्हत राही. 'पिंक डिसीझ' या नावाने तो ओळखला जाई आणि त्याच्या कारणांविषयी अनेक तर्क लढवले गेले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील डॉ. जोसेफ वॉर्कनी आणि त्यांचे सहकारी हबर्ड यांनी १९४८ मध्ये अशा मुलांच्या लघवीत पारा आढळल्याचे प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये दात येण्याच्या पुड्यांतून कॅलोमेल काढून टाकल्यानंतर हा आजार झपाट्याने नाहीसा झाला. नसलेल्या वा किरकोळ दुखण्यावर दिलेल्या औषधानेच मुले आजारी पडत होती. ओळख चुकण्याची किंमत काय असू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वनस्पतिजन्य औषधेही निर्धोक नव्हती. किरमाणी ओव्यापासून १८३० मध्ये सँटोनिन वेगळे करण्यात आले. किरमाणी हे विशेषण इराणमधील किरमान प्रांताशी नाते सांगते. गोलकृमीवर सँटोनिन चांगले लागू पडे, परंतु ते घेतल्यावर रुग्णास सर्व वस्तू पिवळ्या दिसू लागत आणि मात्रा थोडी चढली तर मुलास आकडी येई. अंकुशकृमीवरील पहिले प्रभावी औषध थायमॉल इटलीतील तुरिन येथील कामिल्लो बोझ्झोलो यांनी १८८० च्या सुमारास प्रचारात आणले. थायमॉल म्हणजे आपल्याकडील ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीला जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. हे औषध तेलात विरघळते, त्यामुळे त्यासोबत तेल पोटात गेल्यास ते रक्तात अधिक शोषले जाऊन विषबाधा होण्याचा धोका असे. म्हणून थायमॉलनंतर जुलाबासाठी एरंडेल न देता मीठजातीचे रेचक द्यावे लागे. जंतांच्या औषधावर एरंडेल ही पिढ्यानपिढ्यांची सवय येथे घातक ठरू शकत होती. पुढे आलेले चेनोपोडियमचे तेल आणि १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी सुचवलेले कार्बन टेट्राक्लोराइड ही औषधे स्वस्त व परिणामकारक होती, परंतु त्यांनीही काही रुग्णांचे प्राण घेतले.

अंड्याचा शोध :

लक्षणांवरून अंदाज बांधण्याचे युग संपवले ते सूक्ष्मदर्शकाने. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात. फ्रान्समधील काझिमीर दाव्हेन यांनी १८५० च्या दशकात शौचातील अंडी पाहून गोलकृमी व चाबूककृमी ओळखता येतात हे दाखवले. अंकुशकृमी १८३८ मध्ये मिलान येथे अँजेलो डुबिनी यांना शवविच्छेदनात सापडला होता. त्याची अंडी शौचात पाहून जिवंत माणसात तो ओळखण्याची रीत ग्रास्सी व पारोना यांनी १८७८ मध्ये मांडली. म्हणजे प्रेतातून जिवंत रुग्णापर्यंत यायला चाळीस वर्षे लागली.

जंत शरीरात येतात कसे, हा प्रश्न याहून अवघड होता. कैरो येथे काम करणाऱ्या आर्थर लूस यांच्या हातावर अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी अपघाताने सांडले. तेथे खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्या शौचात अंडी आढळली. १८९८ मध्ये त्यांनी अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात असे प्रतिपादन केले. अनवाणी चालणाऱ्या मुलाचा पाय हाच रोगाचा दरवाजा आहे, ही गोष्ट त्यातून निष्पन्न झाली. गोलकृमीच्या अळ्या आतड्यातून थेट वाढत नसून फुफ्फुसांची वारी करून परत येतात, हे भारतीय वैद्यकीय सेवेतील कॅप्टन एफ. एच. स्टुअर्ट यांनी १९१६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. जपानमधील कोइनो यांनी १९२२ मध्ये स्वतः दोन हजार अंडी गिळून आपल्या थुंकीत अळ्या शोधल्या. जंत झालेल्या मुलास मधूनच खोकला व धाप का लागते, याचे उत्तर त्यामुळे मिळाले.

सुतासारख्या बारीक जंतांनी मात्र सूक्ष्मदर्शकालाही चकवले. या जंताची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन तेथील कातडीवर अंडी घालते, म्हणून शौचतपासणीत ती बहुधा सापडत नाहीत. १९४१ मध्ये ग्रॅहम यांनी चिकटपट्टीचा तुकडा सकाळी मुलाच्या गुदद्वाराशी दाबून तो काचपट्टीवर तपासण्याची साधी युक्ती सुचवली. ही तपासणी अंघोळ व शौच यांपूर्वी करावी लागते, म्हणजे ती आईच्याच हाती राहते.

'आळशी' मुले आणि कृमींची मोजदाद :

अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतील गरीब गोरी मुले फिकट, पोट सुटलेली आणि खांद्याची हाडे बाहेर आलेली असत. ती शाळेत मागे पडत आणि त्यांना आळशी समजले जाई. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स यांनी १९०२ मध्ये या प्रदेशातील वेगळ्या जातीच्या अंकुशकृमीचे वर्णन करून हे आळशीपण रक्तक्षयाचे असल्याचे सांगितले, तेव्हा वृत्तपत्रांनी आळसाचा जंतू सापडला म्हणून त्यांची थट्टा केली. एक अंकुशकृमी दिवसाला रक्ताचा अल्पसा अंश पितो. तथापि असे शेकडो कृमी आणि जेवणात लोहाचा तुटवडा असेल तर मूल हळूहळू निस्तेज होत जाते. जॉन डी. रॉकफेलर यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने १९१४ पर्यंत अकरा राज्यांत तपासणी, थायमॉलचे उपचार आणि संडासांचा प्रचार केला. तपासलेल्यांत सुमारे चाळीस टक्क्यांमध्ये हा कृमी आढळला. शाळामास्तरांनी वर्षानुवर्षे ज्याला स्वभाव मानले होते, तो रोग निघाला.

रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९२० च्या सुमारास मद्रास इलाख्यातही अशी मोहीम हाती घेतली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत १९२४ ते १९२७ या काळात एसा चँडलर यांनी भारतभरच्या अंकुशकृमीचे सर्वेक्षण केले. त्यासाठी नॉर्मन स्टॉल यांनी १९२३ मध्ये तयार केलेली अंडी मोजण्याची रीत उपयोगी पडली. चँडलर यांना असे आढळले की संसर्ग झालेल्या माणसांचे प्रमाण पुष्कळ असले तरी बहुतेक प्रांतांत दर माणशी कृमींची संख्या कमी होती. अंकुशकृमीच्या अळीला ओलसर, सैल आणि सावलीची माती लागते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत ती तग धरत नाही. जंत असणे आणि जंतांचा विकार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद येथे आकड्यांनी प्रस्थापित झाला. पुढील सर्व वादांचे मूळ या भेदात आहे. स्टॉल यांनी १९४७ मध्ये जगातील ६४ कोटी ४० लाख माणसांत गोलकृमी असल्याचा अंदाज वर्तवला. परंतु या कोट्यवधींपैकी खरोखर आजारी किती, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

ओळखीविना उपचार :

१९५० च्या आसपास पायपरेझिन हे गोड पातळ औषध आले आणि मुलांच्या जंतांवरील उपचारांतील भीती बरीच ओसरली. १९७० च्या दशकात मेबेंडाझोल आणि १९८० च्या दशकात अल्बेंडाझोल आले. एक गोळी चघळली की काम होते, उपास नको, जुलाब नको आणि विषबाधेचा धोका अत्यल्प. दोन हजार वर्षे चालत आलेला अपकर्षणाचा विधी एका गोळीत मावला.

ओळखीचा आग्रह न सोडता जंत हटवता येतात, हे जपानने दाखवले. भाजीपाल्याला मानवी मैल्याचे खत घालण्याच्या पद्धतीमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील साठ टक्क्यांहून अधिक लोकांत गोलकृमी असे. शाळांतून वर्षाला शौचतपासणी करावयाची, ज्यांच्यात अंडी सापडतील त्यांनाच औषध द्यावयाचे आणि पुन्हा तपासावयाचे, असा क्रम ठेवला गेला. १९५८ च्या शालेय आरोग्य कायद्याने त्यास आधार दिला. त्याच काळात रासायनिक खते व मैलाव्यवस्था आली. १९७० च्या दशकात हा रोग तेथे जवळजवळ नाहीसा झाला, आणि बारीक जंतांसाठीची शाळेतील चिकटपट्टीची तपासणी २०१६ पासून अनिवार्य राहिली नाही.

गरीब देशांत मात्र हिशेब वेगळा मांडला गेला. एका मुलाच्या तपासणीचा खर्च गोळीच्या खर्चाच्या कितीतरी पट होता. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये, धोक्याच्या प्रदेशांतील शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना २०१० पर्यंत नियमित औषध मिळावे असा ठराव केला. भारतात १० फेब्रुवारी २०१५ रोजी महाराष्ट्रासह अकरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला आणि पुढील वर्षी तो देशभर नेण्यात आला. १ ते १९ वर्षे वयोगटास अंगणवाडी व शाळांमधून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, तर दोन वर्षांखालील बालकास अर्धी गोळी चुरून दिली जाते. मुलात जंत आहेत की नाहीत हे येथे विचारले जात नाही.

या धोरणाच्या लाभाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. केनियातील बुसिया जिल्ह्यातील ७५ शाळांच्या अभ्यासावरून मिगेल व क्रेमर यांनी २००४ मध्ये, औषधामुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे म्हटले. २०१५ मध्ये त्याच माहितीच्या फेरतपासणीने त्यातील काही निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह उभे केले. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेला प्रयोग २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी एक गोळी दिल्याने जंतांचे प्रमाण निम्म्यावर आले, परंतु बालमृत्यूत वा वजनात लक्षणीय फरक पडला नाही. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात. तथापि चँडलर यांचा भेद ध्यानात घेतला तर त्यांत फारसा विरोध उरत नाही. जेथे मुलांच्या पोटात कृमींचे ओझे मोठे आहे तेथे गोळी मुलाला उभे करते, आणि जेथे ते हलके आहे तेथे ती शौचातील अंडी कमी करते, एवढेच. सरासरीत दोन्ही मुले एकत्र मोजली जातात.

भारतातील पाहणीचे आकडेही असेच विषम आहेत. छत्तीसगडमध्ये जंतांचे प्रमाण २०१६ मधील ७४.६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १३.९ टक्क्यांवर आले, तर सिक्कीममध्ये २०१५ मधील ८०.४ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ते ५०.९ टक्क्यांपर्यंतच उतरले. गोळी आतड्यातील जंत मारते, परंतु अंगणातील मातीत पडलेल्या अंड्यांना हात लावू शकत नाही. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. चरकाचे निदानवर्जन आहाराविषयी होते, आजचे निदानवर्जन संडास, पाणी, पायातील चप्पल आणि धुतलेले हात यांविषयी आहे. त्रिसूत्रीतील हे तिसरे सूत्र सर्वांत खर्चिक आहे, आणि त्याला एक दिवस नेमून देता येत नाही.

शिवाय काही जंत या गोळीला पुरते दाद देत नाहीत. चाबूककृमीवर अल्बेंडाझोलच्या एका मात्रेचा परिणाम बेताचाच होतो. बारीक जंत मातीतून येतच नाहीत, ते हातांतून, नखांतून आणि अंथरुणातून घरभर पसरतात. त्यांच्यासाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा आणि घरातील सर्वांना एकाच वेळी औषध देणे आवश्यक असते. शाळेतील फेब्रुवारीची गोळी ही व्यवस्था करू शकत नाही. रात्री मूल कुशीवर वळून का खाजवते, हे अजूनही घरातल्यांनीच उठून, दिवा लावून पाहावे लागते.